जनान्याच्या गाडीची चाकं

आमच्या घरी मोटार आली तेव्हा तिला चारही चाकं होती आणि ती नीट फिरतही होती, पण आबांना ती पसंत नव्हती. गाडी हैदराबादहून आली होती. कुणा अधिकाऱ्यानं वापरून विकलेली, गर्द हिरव्या रंगाची, लांब नाकाची विलायती गाडी. आबांनी तिची दारं उघडून मिटून पाहिली, हॉर्न दाबून पाहिला, गादीवर हात फिरवला. मग मागं सरून, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "समदं ब्येस हाय. पर पाय बघा तिचे. नवरी शालूत अन् पायात फाटक्या वहाणा." चाकं साधी लोखंडी होती, काळा रंग फासलेली, कुठं कुठं ठोकून सरळ केलेली. आम्हा पोरांना त्यात काही कमी दिसलं नाही. गल्लीत मोटार आमचीच पहिली. पण आबांच्या मनात ती चाकं त्या दिवसापासून जी सलायला लागली ती सलतच राहिली.

आम्ही वडिलांना आबा म्हणत असू. ते फुलंब्रीकडचे. घरची जमीन चुलत्यांकडं सोडून ते शहरात आले, आधी धान्याची आडत केली आणि पोलीस ॲक्शननंतर नवं सरकार आलं तेव्हा रस्त्यांची, पुलांची कंत्राटं घेऊ लागले. उर्दू त्यांना उत्तम यायची, कारण तोवरची सगळी कचेरी उर्दूतच चालत असे. मराठी मात्र शेवटपर्यंत गावचीच राहिली. माणूस उमदा होता. दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. खडी फोडणाऱ्या बायकांच्या पोरांना दिवाळीला कपडे शिवत. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात ते तसे दिसणार नाहीत, आणि स्वतःची बाजू मांडायला ते आता नाहीत.

आमचं घर औरंगपुऱ्यात होतं, भाड्याचं. पुढं ओटा, मागं मोकळं परस, आणि भिंतीपलीकडं हिमरू विणणाऱ्याचा माग. सकाळी डोळा उघडायच्या आधी कानावर त्या मागाची खटखट यायची आणि तिच्यात मिसळलेली आईच्या भाकरी थापण्याची थपथप. दोन्हींचा ताल इतका जवळचा असे की कधी एक थांबली की दुसरीही थांबल्यासारखी वाटे. आईच्या हातचं जेवण साधं. अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, जवसाची चटणी, आणि थंडीत येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं न् मसाल्याचं पीठ. आमटीत पडलं की घरभर वास सुटायचा. गाडी आल्यापासून ही आमटी रोज निवायला लागली. कामावरून आले की आबा हातपाय धुवायच्या ऐवजी गाडी धुवायला बसत. आई दारातून दोनदा हाक मारी आणि मग मलाच जेवायला वाढून टाकी.

चाकांसाठी आबांनी आधी मुंबईला माणूस पाठवला. त्यानं चकचकीत चाकं आणली, कागदात गुंडाळलेली. सोडून पाहिली तर आरसाच. आबांनी त्याच दिवशी ती बसवून घेतली आणि आम्हाला दौलताबादेला फिरवून आणलं. येताना पाऊस लागला, चिखल उडाला. दुसऱ्या दिवशी आबा चाकं पुसायला बसले तर फडक्याबरोबर चकाकीच निघून आली. गुळाच्या ढेपेचा कागद सुटतो तशी पापुद्र्यानं पापुद्र्यानं. गल्लीतली पोरं 'खरजुली मोटार' म्हणून तिच्यामागं धावू लागली. आबा चार माणसांत हसून घेत, पण घरात त्यांचं तोंड उतरलेलं असे. त्यातच कुठल्याशा पुलाच्या पायाभरणीला मंत्री येणार आणि मिरवणुकीला आपलीच गाडी मागितली आहे अशी बातमी ते घेऊन आले. आता चाकं हवीत आणि ती खरीच हवीत, असं त्यांनी मनावर घेतलं. पैठण गेटजवळचा युसूफ मिस्त्री आमच्या गाडीचं काम करी. तो म्हणाला, "असली क्रोम देखना है साब, तो बेगमपुरेमें देखो. बेगमसाहेबाकी गाडी. आपकीच जुडवा बहन है."

ते नाव आमच्या घरात साध्या आवाजात कुणी घेत नसे. का, ते सांगायला हवं.

पोलीस ॲक्शनच्या आधीचं ते वर्ष. रझाकारांचा जोर होता. आबांचं नाव त्यांच्या तोंडी आलं आणि आबा हद्दीपलीकडं, खानदेशात निघून गेले. शहरात राहिलो आम्ही तिघं. आई, मी आणि अंगावर पिणारा माझा भाऊ दत्ता. आमच्या गावची जहागीर ज्या घराण्याकडं होती, त्या घरातल्या बेगमसाहेबा विधवा होत्या आणि बेगमपुऱ्यात राहत. माझे चुलते हंगामाला त्यांच्याकडं धान्य पोचवायला जात, एवढीच ओळख. तेवढ्यावर आईनं त्यांच्याकडं निरोप धाडला. त्यांनी आम्हाला घरात घेतलं. मागची खोली दिली, आणि आपल्या स्वयंपाकघरातलं काही न पाठवता कोरा शिधा, नवी मडकी आणि वेगळी चूल मांडून दिली. आईला त्यांचं शिजवलेलं चालायचं नाही हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं. आईनं तिथं होतो तोवर एकदाही त्यांच्या हातचं खाल्लं नाही आणि त्यांनी एकदाही त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

पुढं तिथंही राहणं धोक्याचं झालं तेव्हा त्यांनी आपली जनान्याची गाडी काढली. जनान्याची म्हणजे पडदे लावलेली, फक्त घरातल्या बायकांसाठीची. आईला बुरखा घातला, माझ्या डोक्यावरून ओढणी घेतली, आणि बेगमसाहेबा स्वतः आमच्याबरोबर बसल्या. लेणी पाहायला अजिंठ्याला निघालोत, असं सांगायचं ठरलं होतं. गाडी चालवायला करीमचाचा, त्यांचा जुना ड्रायव्हर. मला त्या प्रवासातलं आठवतं ते अत्तराचा आणि पेट्रोलचा एकत्र वास, आणि दत्ताला छातीशी दाबून बसलेली आई. अजिंठा गावात गाडी अडवली. कुणीतरी विचारलं, आत कोण आहे. करीमचाचा म्हणाले, "जनाना है." तो माणूस म्हणाला, पडदा उचलून बघतो. तेव्हा बेगमसाहेबा आतूनच, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "परदा उठानेसे पहले अपना नाम बता दो, ताकि मुझे याद रहे." पडदा कुणी उचलला नाही. थोड्या वेळानं गाडी हलली. घाट उतरून हद्दीजवळ त्यांनी आम्हाला सोडलं, दत्ताच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी परत वळली.

सगळं निवल्यावर आबा परत आले ते आधी बेगमपुऱ्यात गेले आणि बेगमसाहेबांच्या उंबऱ्याला हात लावून आले. पण नंतर त्यांचं तिकडं जाणं होईना. जहागिरी गेल्या. बेगमसाहेबांचा मुलगा कराचीला निघून गेला, नोकरचाकर पांगले, एक करीमचाचा तेवढे राहिले. हे आमच्या कानावर यायचं. आई म्हणायची, एकदा जाऊन येऊ. आबा म्हणायचे, जाऊ की.

तर त्या दिवशी जेवताना आबांनी विषय काढला. "बेगमसाहेबांची गाडी नुस्ती उभी हाय म्हनं. पेट्रोल कोन घालतंय आता. चाकं मात्र जशीच्या तशी हायेत."

आई वाढता वाढता थांबली. "मग?"

"मग काय. इकत घेऊ. त्यांनाबी पैसे लागतच असतील. मिस्त्री म्हन्तो, आपल्या गाडीला नेमकी बसतील."

"घ्यायची तर सगळी गाडी घ्या."

"दोन गाड्या काय करू? एक तुझ्या माहेरी बांधू?"

"त्या गाडीत मी दत्ताला घेऊन बसले होते," आई म्हणाली. "तुम्ही नव्हता."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "उपकार हायेत म्हणूनच म्हन्तो. चार पैसे जास्तीच देऊ. दुसरा कुनी गेला तर लुबाडील त्यांना." आणि उठले.

करीमचाचांकडून निरोप गेला, निरोप आला. बेगमसाहेबा अशा गोष्टी पुरुषांशी बोलत नाहीत. घरातल्या बाईमाणसाला पाठवा. आई म्हणाली, मी जाणार नाही. तेव्हा आबांनी माझ्याकडं पाहिलं. माझी पहिली काही वर्षं शाळेत उर्दूतूनच झाली होती, आणि माझे उच्चार चांगले आहेत असं मौलवीसाहेब म्हणत. आई म्हणाली, "पोरीला त्या दारात चाकं मागायला नेऊ नका."

"मागायला नाय. इकत घ्यायला."

आई आत निघून गेली. मला मात्र, खोटं कशाला सांगू, जाताना अभिमान वाटत होता. आबांचं काम माझ्यावाचून अडलं होतं. गाडीत मी त्यांच्या शेजारी पुढं बसले, मागं युसूफ मिस्त्री. आबा म्हणाले, "काय म्हनायचं, इंदे? सिर्फ पहिये. गाडी नाय म्हनावं. नीट बोल, चाचरू नको." मी रस्ताभर ते शब्द तोंडात घोळवत होते.

बेगमसाहेबांची गाडी त्यांच्या अंगणात चिंचेखाली उभी होती, चादर घातलेली. चादरीखालून फक्त चाकं दिसत होती. बारीक तारांची, प्रत्येक तार वेगळी चमकणारी. युसूफ मिस्त्री उकिडवा बसला आणि नखानं एक तार टकटक वाजवून आबांकडं पाहून हसला. मी आत गेले.

बेगमसाहेबा तख्तावर बसून मसूर निवडत होत्या. त्यांना असं काही काम करताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मला पाहताच त्यांनी सूप बाजूला सारलं, दोन्ही हात पुढं केले. "आओ बेटी. अम्मीने भेजा?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. त्यांना ती हो वाटली. चेहरा एकदम उजळला. "और वो रोनेवाला कैसा है?" दत्ता आता बोलतो, चुरूचुरू बोलतो, असं मी सांगितलं. त्या हसल्या. स्वतः उठून आतून सीताफळं घेऊन आल्या, एक फोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पका हुआ नहीं दूंगी. अम्मी नाराज होंगी." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मी सीताफळ खात होते आणि त्या बोलत होत्या. करीम सांगत होता, तुझे अब्बा गाडीसाठी आलेत. बेगमसाहेबांनी रात्रभर विचार केला म्हणे. विकायची तर होतीच, परक्याला द्यायला जीव धजत नव्हता. आता गाडी चांगल्या घरी जाईल. "बस एक बात अब्बासे कहना. करीमको साथ रख लें. उसको और कुछ आता नहीं."

माझ्या तोंडात बी होती. ती कुठं टाकावी कळेना. ती मुठीत घेऊन मी म्हणाले, "बेगमसाहेबा, अब्बाने कहा है, सिर्फ पहिये."

वाक्य पुरं व्हायची वाट पाहत त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी पुन्हा म्हणाले, "सिर्फ पहिये चाहिये. गाडी नहीं."

त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या पदरानं पुसला, परत लावला. "मैं समझी, तुम्हारी उर्दू कच्ची हो गयी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अच्छा." आणि मग अगदी खरोखर पडलेल्या प्रश्नासारखं विचारलं, "फिर वो खडी कैसे रहेगी?"

ते मला ठाऊक होतं. येताना मिस्त्रीच्या पायाशी पोतं होतं. मी म्हणाले, "ईंटें लाये हैं."

त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "बडे इंतजामसे आये हैं," म्हणाल्या. "ले जायें. कह दो."

मी बाहेर येऊन सांगितलं. आबांनी पैशांचं पाकीट करीमचाचांच्या हातात दिलं, आत द्यायला. योग्य तेच दिलं, त्याहून जास्तच दिलं, असं ते पुढं नेहमी सांगत आणि ते खरंही असावं. चादर काढली. मिस्त्रीनं जॅक लावला. करीमचाचा आतून परत आले आणि कुणी न सांगता विटा लावू लागले, गाडी कलंडू नये म्हणून हातानं चाचपून बघत. निघालेलं प्रत्येक चाक ते आपल्या रुमालानं पुसत आणि मगच मिस्त्रीकडं देत. आमच्या गाडीची खरजुली चाकं मिस्त्रीनं तिथंच काढली. आबा म्हणाले, "ही ठेवा इथं, लावा त्या गाडीला." करीमचाचा म्हणाले, "नको साहब." एवढंच. मी चिंचेच्या बुंध्याशी उभी होते, मुठीत अजून ती बी, आणि खिडकीच्या चिकाच्या पडद्याकडं वळून पाहायची हिंमत होत नव्हती. चिक हलत नव्हता. त्याच्यामागं कुणी उभं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण पाठीवर नजर असल्यासारखं जे वाटलं होतं ते मला अजून, या वयातही, एखाद्या दारात उभी राहिले की मध्येच वाटतं.

परत येताना मी आबांना निरोप सांगितला. करीमचाचांना ठेवून घ्या म्हणाल्या. आबा हसले. "गाडी घेतली असती तर घेतला असता. चाकाबरोबर डायव्हर कुठं येतो?" मागून मिस्त्रीही हसला. माझे कान तापले. पायांखाली चाकं फिरत होती, एकदम मऊ चालत होती, आणि ती चालतायत हे मला जाणवत होतं. मला खाली उतरून चालत जावंसं वाटत होतं.

मिरवणूक झाली. चाकांची खूप वाहवा झाली. रस्त्याकडेची पोरं वाकून त्यांत आपली तोंडं बघत होती. गुलमंडीवरून शहागंजकडं जाताना गर्दीनं गाडी थांबली. टप खाली पाडलेलं, मंत्री मागच्या बाजूला हार घालून उभे, आबा गाडी चालवत, त्यांच्या शेजारी मी. एका दुकानाच्या पायरीवर दोन म्हातारे बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "ये तो बेगमसाहेबाकी गाडीके पहिये हैं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काही नव्हतं. ओळखीचं माणूस दिसावं तसा तो बोलला. दुसऱ्यानं मान डोलावली. आबांनी ते ऐकलं. ते सरळ समोर बघत राहिले आणि त्यांचा कान, मला दिसणारा तो एक कान, तांबडालाल झाला. पुढचा सगळा रस्ता ते कुणाकडं बघून हसले नाहीत.

आई त्या गाडीत बसली नाही. फुलंब्रीला लग्न निघालं तेव्हा आबांनी गाडी दारात आणून उभी केली आणि आई दत्ताचा हात धरून मोटारस्टँडकडं चालू लागली. गल्ली बघत होती. आबा गाडी परत लावायला निघून गेले. लग्नाहून आल्यावर मात्र घरात ते फुटलं. मी परसात भांडी विसळत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"किती वर्सं मान खाली घालून हिंडू मी त्या बाईपुढं?" आबांचा आवाज चढलेला नव्हता, चिरका झाला होता. "माझी बायको, माझी लेकरं तिनं वाचवली. अन् मी कुठं होतो? पळालो होतो. समद्या गावाला ठाव हाय. तिच्या दारावरून जाताना मला रस्ता बदलाया लागतो. तिला माझ्या पैशाची गरज पडली, तर मला बरं वाटलं. वाटलं बरं. काय करू?"

माझ्या हातातलं ताट घंगाळात तसंच धरलेलं होतं. त्या दिवसापर्यंत मला आबांची लाज वाटत होती. त्या संध्याकाळी कळलं की त्यांना स्वतःची माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून वाटत होती, आणि ती झाकायला त्यांना काहीतरी चकचकीत हवं होतं. हे कळून माझी लाज कमी झाली असती तर बरं होतं. ती वाढली. आता ती कुणा एकावर टाकता येईना.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. थंडी सरताना बेगमसाहेबा औरंगाबाद सोडून हैदराबादेला भावाकडं गेल्या. विटांवरची ती गाडी एका भंगारवाल्यानं नेली. करीमचाचांना आबांनी अखेर कामावर ठेवलं. आईनं तेवढं करून घेतलं. ते बरीच वर्षं आमची गाडी चालवत होते. त्या चाकांविषयी ते कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि आबा त्यांच्या शेजारी कधी पुढं बसले नाहीत. ती गाडीही पुढं विकली गेली. तिच्याबरोबर चाकं कुठं गेली, कुणाला माहीत नाही.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते बेगमसाहेबा जाण्याच्या आधीचं. त्या जाणार असं कळलं तेव्हा आईनं सकाळी डोक्यावरून न्हाऊन ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल. टांगा बघ." कुठं ते मी विचारलं नाही.

बेगमसाहेबांच्या घरातलं सामान बांधलं होतं. तख्त तेवढं जागेवर होतं. आईला पाहून त्या उठल्या आणि दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. आईला उर्दू तुटकी यायची, त्यांना मराठी येत नव्हती. मागं त्यांच्याकडं राहत होतो तेव्हाही दोघी खुणांनी आणि माझ्यामार्फतच बोलायच्या. त्यांनी फळं आणायला करीमचाचांना हाक मारली. आई म्हणाली, "इंदे, सांग त्यांना. फळं नको. मी जेवायला आले."

मी सांगितलं. बेगमसाहेबांना खरं वाटेना. त्यांनी मला पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. मग त्या गोंधळून गेल्या. घरात काही नव्हतं. स्वयंपाकीण कधीच गेली होती. थोडा मसूर, थोडा भात, त्यांनी स्वतः केलेला. मटणाचा नानखलिया करायचा तर आधी सांगायचं होतं, करीमला पाठवते, थोडं थांबा. आई तख्ताखाली चटईवर मांडी घालून बसलीसुद्धा होती. "जे असेल ते," ती म्हणाली.

बेगमसाहेबांनी वाढलं. आधी आईला, मग मला. स्वतः समोर बसल्या, हातानं माश्या वारत. आईनं पहिला घास घेतला, आणि मीही. डाळीत मीठच नव्हतं. त्या बाईंनी आयुष्यात कधी स्वतः डाळ केली नसावी. मी आईकडं पाहिलं. ती भात कालवत होती, घरी कालवते तशी, सावकाश. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग ताटातून मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांग, आमच्या हातून लई वाईट झालं. माझी त्यांच्याकडं बघायची हिंमत होत नाय. सांग."

मी सांगितलं. या वेळी चाचरले. उर्दू शब्द सापडत नव्हते, मध्ये मराठीच येत होती, पण अर्थ पोचला असणार, कारण बेगमसाहेबांचा वारणारा हात थांबला. त्या आईकडं पाहत राहिल्या. कराचीला गेलेला मुलगा, गेलेली जहागीर, बाहेर विटांवर उभी गाडी, सगळं त्यांच्या तोंडावर येईल असं मला वाटलं आणि यावं असंही वाटलं. त्यांनी आम्हाला काहीतरी बोलावं म्हणून मी श्वास धरून बसले होते.

त्यांनी डाळीचा डाव उचलला, आईच्या भातावर आणखी डाळ घातली आणि मला म्हणाल्या, "बेटी, अम्मीसे पूछो, नमक ठीक है?"

मी आईला विचारलं. तिला ते आधीच समजलं होतं. तिनं मान वर केली, पहिल्यांदाच त्यांच्याकडं सरळ पाहिलं आणि म्हणाली, "सांग, एकदम बरोबर हाय."

मी तसं सांगितलं. आणि आईनं ताटातला शेवटचा कणसुद्धा संपवला.